समोरची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. खुर्चीला आयुष्यात एकच काम असतं, कुणाला तरी बसू देणं. ते काम माझ्या वाट्याला फार कमी आलं. म्हणून माझी हकिकत थोडी लांबली तरी गोंधळायचं कारण नाही, कारण माझ्यावर बसलेली माणसं मोजकीच आहेत.

अमेरिकेच्या दक्षिणेला, लाल मातीच्या आणि पाईनच्या रानांच्या मुलखात एक विद्यापीठ आहे. त्याच्याच सुतारकामाच्या शेडमध्ये मी जन्मले. लाकूड ओकचं, वीण घट्ट, पाठीला तीन उभ्या पट्ट्या. आम्हाला घडवणारे सुतार काळे होते. त्या काळी आमच्याकडे काळ्यांच्या शाळा वेगळ्या, पाणी प्यायचे नळ वेगळे, दवाखान्याचं दारसुद्धा वेगळं. विद्यापीठ गोऱ्यांचं होतं. ज्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवरून पॉलिशपेपर फिरवला, त्यानेच मला भोजनगृहात आणून ठेवलं, मागच्या दाराने तो बाहेर गेला आणि झाडाखाली डबा उघडून बसला. मला वाटलं, त्याला मोकळ्या हवेत जेवायला आवडत असेल. मी नवी होते आणि अक्कल बेताचीच होती.

घाईघाईत माझा एक पाय जरासा आखूड राहिला. बसणारा डुगडुगायचा, नाक मुरडायचा आणि दुसरी खुर्ची ओढायचा. शेवटी माझी रवानगी अगदी कडेच्या, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलाला झाली. ते दार सारखं आत-बाहेर हलायचं. त्यातून तळलेल्या कोंबडीचा वास यायचा आणि मिस आयडाबेलचा आवाज. मिस आयडाबेल म्हणजे तिथली मुख्य स्वयंपाकीण. काळी, थोराड बाई, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. तिच्या हातचं साऱ्या विद्यापीठाने खाल्लं, पण त्या भोजनगृहात ती कधी टेकली नाही.

आता आमची एक रीत सांगायला हवी. जागा धरायची असली की आमच्याकडे खुर्ची पुढे कलती करत आणि तिची पाठ टेबलाच्या कडेला टेकवून ठेवत. तिचे मागचे पाय हवेत राहत. कलती खुर्ची दिसली की समजायचं, ही जागा कुणाची तरी आहे. दुसऱ्याची कलती खुर्ची कुणी सरळ करत नसे, मग जेवण थंड होऊन गेलं तरी बेहत्तर. लढाईत कामी आलेल्या विद्यार्थ्यांसाठीही एक खुर्ची वर्षातून एकदा अशीच कलती ठेवत. तेव्हा त्या रीतीत थोडा मान होता आणि थोडी दादागिरी. माझी जागा मात्र कधीच कुणी धरली नाही, त्यामुळे मी आपली चारी पायांवर, म्हणजे साडेतीन पायांवर, उभी असायचे.

मग एकोणीसशे एकसष्टच्या शरदात कोर्टाचा हुकूम झाला आणि दोन काळे विद्यार्थी विद्यापीठात आले. एक व्हर्लीन टॉलिव्हर, एका धर्मोपदेशकाची मुलगी, रसायनशास्त्र शिकायला आलेली. दुसरा क्लीओफस ग्रीर, तिच्यासारखाच हुशार आणि तिच्याहून बडबड्या. दारात पोलीस होते, कॅमेरे होते. आत शिरल्यावर दोघांनी पाहिलं तर भोजनगृहातली झाडून सगळ्या खुर्च्या कलत्या. कार्लटन प्रुइट नावाच्या एका पोराने आणि त्याच्या मित्रांनी सकाळपासून घाम गाळला होता. आमच्या टेबलाकडे तेवढं त्यांचं लक्ष गेलं नव्हतं, कारण ते कुणाच्या हिशेबातच नव्हतं. व्हर्लीन माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि क्लीओफस माझ्यावर. मी डुगडुगले.

"ही खुर्चीसुद्धा मला हाकलायला बघतेय," क्लीओफस म्हणाला.

"हाकलत नाहीये, मुरकतेय," व्हर्लीन म्हणाली. "इतक्या वर्षांनी कुणीतरी बसलंय ना."

ते दोघे हसले आणि मी खरोखर मुरकले. क्लीओफस मक्याचा पाव ताकात कुस्करून खायचा, बोटं चाटायचा आणि प्राध्यापकांच्या नकला करायचा. आजूबाजूची टेबलं रिकामी असायची. पण दोन माणसं समोरासमोर बसली की तेवढ्या जागेपुरतं घर होतं. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते.

नाताळच्या सुट्टीनंतर क्लीओफस आला नाही. गावात त्याची मावशी एका लाँड्रीत कामाला होती आणि तो तिच्याच घरी राहत होता. मावशीचं काम गेलं, मग घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलं. ती उत्तरेला बहिणीकडे निघाली आणि तिची पेटी उचलायला दुसरं कुणी नव्हतं. भोजनगृहात मात्र सगळे म्हणाले, पळाला. कॅमेरेवाले तर केव्हाच गेले होते. व्हर्लीन आता एकटी होती आणि तिच्या समोर रिकामी मी.

त्याच आठवड्यात एका दुपारी कार्लटनच्या मंडळींना आमच्या टेबलाची आठवण झाली. त्यांनी आमच्याही साऱ्या खुर्च्या कलत्या केल्या. मित्रांनो, कलती खुर्ची तुम्ही पाहिली असेल, पण तसं राहून काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक नाही. तोंड टेबलाच्या कडेला दाबलेलं असतं. काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. मी ऐकलं, सगळं भोजनगृह गप्प झालं. एका थाळीतला काटा आणि चमचा एकमेकांवर किणकिणत टेबलापाशी आले आणि थांबले. मग माझ्या मागचं स्वयंपाकघराचं दार हलकेच ढकललं गेलं.

"मिस आयडाबेल, मी आत येऊन जेवू का?" व्हर्लीनचा आवाज होता. "कोपऱ्यात उभ्याने खाईन."

"नाही."

"आजच्या दिवस फक्त."

"आजच्या दिवस म्हणून येशील आणि उद्या पुन्हा येशील. का नाही येणार? इथे ऊब आहे, आम्ही आहोत, तुला कुणी ऊठ म्हणायचं नाही." मिस आयडाबेल हळू बोलत होती. असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "मी वीस वर्षं याच स्वयंपाकघरात जेवतेय, बाळ. मला कुणी कधी अडवलं नाही. आत जेवायला काही कोर्टाचा हुकूम लागत नाही."

"माझे पाय लटपटतायत हो."

"लटपटू देत. तशीच जा. पण बाहेर जा."

दार मिटलं. पलीकडे फळीला कुणीतरी टेकून उभं होतं आणि तोंडात ॲप्रन कोंबल्यासारखं दबकं रडत होतं. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा बटाटे जळल्याचा वास सुटला, पण कुणी हलत नव्हतं. व्हर्लीन परत टेबलापाशी आली. तिने थाळी ठेवली आणि स्वतःची खुर्ची सरळ केली. आजवर तिथे कुणी केलं नव्हतं ते तिने केलं होतं. लगेच चारी बाजूंनी तिला हिणवायला टेबलांवर चमचे वाजायला लागले. मला वाटलं, आता ती खाली बसेल. पण ती टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली. तिने माझी पाठ धरली, मलाही सरळ उभं केलं, आणि मग जाऊन आपल्या जागी बसली. जेवण गार झालं होतं. तरी तिने सगळं संपवलं.

तेव्हापासून तोच नेम झाला. ते रोज कलत्या करत आणि ती रोज दोन खुर्च्या सरळ करी, एक स्वतःची आणि एक मी. बाकीच्यांना ती हात लावत नसे. एकदा मिस आयडाबेलने रिकामी थाळी उचलता उचलता विचारलं, "समोरचीला कशाला इतका त्रास घेतेस गं? कोण यायचंय?"

"कुणी नाही," व्हर्लीन म्हणाली. "पण ती उलथी असली की भिंतीशी जेवल्यासारखं वाटतं. सरळ असली की वाटतं, कुणीतरी यायचंय, उशीर झालाय एवढंच."

मित्रांनो, त्या वाक्यानंतर माझा जीव रोज वर-खाली व्हायचा. पावलं वाजली की मी वाट बघायचे. पावलं पुढे निघून जायची. ती माझ्या डोक्यावरून समोर बघत जेवायची, कधी पुस्तक उघडायची आणि पान उलटायला विसरायची. पहिल्या वर्षात ती इतकी वाळली की तिच्या कोपरांची हाडं मेजावर टकटक वाजत. शिकणं सोडून ती घरी गेली असती तर तिच्या मागून येणाऱ्यांसाठी दार पुन्हा बंद झालं असतं. हे तिला ठाऊक होतं, तिला न विचारता सगळ्यांनी तिच्या खांद्यावर टाकलेलं ओझं होतं ते. आणि मला तिच्यासाठी काही करता येत नव्हतं. कुणाला हाताला धरून बसवावं तर खुर्चीला नुसतेच हात असतात, आणि मला तर तेही नव्हते.

एकदा मात्र कुणीतरी आलं. मार्जरी नावाची एक गोरी मुलगी, व्हर्लीनच्याच वर्गातली. थाळी घेऊन ती माझ्यामागे थांबली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिचा तळवा ओला होता.

"इथे..." ती म्हणाली.

"रिकामी आहे," व्हर्लीन म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मलाच भरून आलं.

"मार्जरी, अगं वाट चुकलीस का?" मागून कार्लटनचा आवाज आला. "थांब, तुला नकाशा काढून देतो." सगळे हसले. तो हात माझ्या पाठीवर क्षणभर घट्ट झाला आणि मग निघून गेला. व्हर्लीन बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. त्या दिवशी तिने थाळीला हात लावला नाही. चमचे वाजले तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं.

ती शिकली, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. शेवटच्या दिवशी जेवणाची वेळ टळून गेल्यावर ती निरोप घ्यायला आली. भोजनगृह रिकामं होतं. मिस आयडाबेल हात पुसत बाहेर आली आणि दोन्ही दारांकडे बघून सावकाश माझ्यावर बसली. मी डुगडुगले.

"पाय दुखले म्हणून टेकले, असं सांगेन कुणी विचारलं तर," ती म्हणाली.

"मोडेल हं ती," व्हर्लीन म्हणाली.

"मोडू दे. माझ्या वजनाने मोडली तर तिचं सोनं होईल."

दोघी रताळ्याची गोड पाई खात बसल्या. फारसं बोलल्या नाहीत. समोरासमोर बसल्यावर बोलायलाच हवं असं नसतं. मग व्हर्लीन गेली, पुढे उत्तरेतल्या एका कॉलेजात शिकवायला लागली, असं कानावर आलं.

पुढे नवं भोजनगृह झालं, प्लास्टिकच्या रंगीत खुर्च्या आल्या आणि आम्ही तळघरात गेलो. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले. वर काळी पोरं आली, गोरी पोरं आली, दिवसभर पायांचा धुडगूस चाले. व्हर्लीनने दार उघडं ठेवलं होतं ना, त्यातूनच ती आत आली होती. मला आनंद होई. पण अडगळीत आनंद झाला तरी सांगायचं कुणाला? वर्षं गेली. रंग डब्यातच वाळला.

मग एके दिवशी टॉर्चचा उजेड तोंडावर आला. ब्रुक हॅस्लर नावाची इतिहासाची तरुण अध्यापिका शिडीवरून खाली उतरली होती. पहिल्या काळ्या विद्यार्थ्यांचा सन्मान करायचं विद्यापीठाने ठरवलं होतं, आणि एका जुन्या फोटोवरून ती आम्हाला शोधत होती. पोरगी मनाने चांगली होती. माझ्यावरची जाळी तिने स्वतःच्या रुमालाने पुसली. आम्हाला वर नेलं, तेल लावलं. एका सुताराने माझा आखूड पाय नीट करायला घेतला तर ब्रुक धावत आली आणि म्हणाली, "हात लावू नका, तो इतिहास आहे." इतकी वर्षं कुणी तो पाय दुरुस्त केला नाही, तेव्हा त्याला हलगर्जीपणा म्हणत होते.

नव्या भोजनगृहाच्या मधोमध आम्हाला मांडलं. ते टेबल, व्हर्लीनची खुर्ची आणि जोडीला मी. भोवती लाल मखमली दोरी आणि पितळी पाटी. पाटीवर व्हर्लीनचं नाव ठळक आणि खाली बारीक अक्षरांत क्लीओफसचं. आणि समारंभाच्या सकाळी ब्रुकने मोठ्या आदराने, जपून, आम्हा दोघींना कलतं केलं. लढाईत गेलेल्यांसाठी विद्यापीठ खुर्ची कलती ठेवतं, हे तिने वाचलं होतं. याहून मोठा मान आमच्याकडे नाही, असं तिला वाटलं. तिचं चुकलं असं तरी कसं म्हणू? तिला सांगणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मला तोंड असून ते टेबलात खुपसलेलं होतं.

व्हर्लीन आली. मी पाहिलं नाही, ऐकलं. काठीचा आवाज, टाळ्यांचा कडकडाट, आणि मग काठी थांबली. टाळ्या चालूच राहिल्या. हळूहळू त्याही विरल्या.

"तुमच्या सन्मानासाठी, मिस टॉलिव्हर," ब्रुक म्हणाली. "ही आमच्याकडची जुनी रीत आहे."

"रीत मला माहीत आहे, बाळ," व्हर्लीन म्हणाली. आवाज म्हातारा झाला होता, पण तोच होता. "जेवायला काय आहे?"

"आधी कुलगुरूंचं भाषण आहे, मग तुमचं..."

"मला भूक लागलीय."

दोरीचा हूक निघाला. कुणीतरी मदतीला धावलं. "राहू दे, मला सवय आहे," ती म्हणाली आणि तिने स्वतःची खुर्ची सरळ केली. मग काठी टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आली. तिचा हात आता नुसता कातडं आणि शिरा होता. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा मी चारी पायांवर उभी राहिले आणि मला ती दिसली. केस पांढरे, चष्मा जाड. ती समोर बसली. कुणीतरी लगबगीने थाळी आणून ठेवली.

आणि ती जेवू लागली. मित्रांनो, भोवती दोनशे माणसं उभी होती. दोरीपलीकडे, अदबीने, डोळ्यांत पाणी आणून. फोन वर धरलेले होते. सगळ्यांना तिच्याविषयी आदर होता आणि ती पुन्हा एकटी जेवत होती. दोन-तीन घासांनंतर तिने काटा खाली ठेवला.

"इतकी माणसं आहात," ती म्हणाली, "एकालाही भूक नाही?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "ती समोरची अजून रिकामी आहे."

"ती मूळ खुर्ची आहे, मॅडम," ब्रुक चाचरत म्हणाली. "तिच्यावर कुणी बसू नये असं आम्ही ठरवलंय."

"ते तुमच्याही आधी ठरलं होतं," व्हर्लीन म्हणाली.

ब्रुकचा चेहरा मी पाहिला. तिला तेव्हा कळलं. ती दोरी ओलांडून आत आली आणि माझ्यावर बसली, अगदी काठावर. मी डुगडुगले. ती दचकली.

"ती तशीच आहे. घट्ट बस," व्हर्लीन म्हणाली आणि हसली. मग पोरांनी भराभर प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्या, थाळ्या आल्या, कुलगुरूंनाही कोपऱ्यात जागा मिळाली. भाषण झालंच नाही. व्हर्लीनने पावाला नावं ठेवली, आयडाबेल असती तर हा तोंडावर फेकला असता म्हणाली. मग तिने क्लीओफसची गोष्ट सांगितली, त्याच्या नकला, त्याची मावशी, ती पेटी. "तो पळाला नव्हता," ती म्हणाली. "आणि त्याचं नाव एवढं बारीक का लिहिलंत? त्याला मोठ्याने बोलायची सवय होती." त्या दुपारी मी खुर्ची होते. पोटभर खुर्ची होते.

पुढच्या हिवाळ्यात व्हर्लीन वारली. ब्रुकला तोवर दुसरीकडे नोकरी लागली होती. विद्यापीठाने शोक पाळला. क्लीओफसचं नाव मोठं केलं, ते बरं झालं. पण दोरी पुन्हा लागली आणि आम्हाला पुन्हा कलतं केलं, आता काळी फीत बांधून, कायमचं. टेबलावर काच बसवली. दर महिन्याला एक माणूस येतो आणि मला फार प्रेमाने पुसतो. एवढी निगा माझी कधीच कुणी राखली नव्हती.

माझी तक्रार नाही, मित्रांनो, एक विनंती आहे. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. लोक येतात, पाटी वाचतात. "किती एकटी पडली असेल ना ती," असं म्हणतात आणि सुस्कारा टाकतात. फोटो काढतात आणि जातात. आणि दोरीच्या अगदी जवळ, डाव्या हाताला एक टेबल आहे. तिथे या सत्रापासून रोज दुपारी एक थाळी ठेवल्याचा आवाज येतो. एकच थाळी. एक खुर्ची ओढली जाते, हळूच, कुणाला त्रास नको म्हणून. एक चमचा वाजतो. बोलणं कधीच नाही. लोक सुस्कारा टाकतात तेव्हा तो चमचा थोडा वेळ थांबतो, आणि मग पुन्हा वाजू लागतो.

मला पुसू नका. माझ्यावर फीत बांधू नका. तुमची थाळी घ्या आणि त्या टेबलापाशी जा. तिथली समोरची खुर्ची रिकामी आहे, मी खात्रीने सांगते, हे काम मला चांगलं कळतं. तिथे बसणारं माणूस काळं आहे की गोरं, मुलगा आहे की मुलगी, हे मला दिसत नाही. निदान नाव तरी तुम्हाला सांगितलं असतं. पण तेही मला माहीत नाही, कारण अजून कुणी त्याला हाक मारलेली नाही.